उभ्याने तपासणी

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरची डायरी पुढे ओढली, दोन पानं उलटली आणि एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"सतरा तारीख, गुरुवार. नाव टाकून देऊ?"

"पूर्ण पिशवी काढायची?" धाकटीने विचारलं.

"अर्धी ठेवून काय करणार?" डॉक्टर हसले. "दोन मुलं झाली, तिचं काम संपलं. उगाच सांभाळत बसायचं आणि दुखतंय दुखतंय करायचं. काढून टाकू, विषय संपेल."

माळ्यावरची अडगळ काढायला माणूस सांगावा तितक्या सहज त्यांनी गुरुवारच्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. धाकटीने मान हलवली. सहा वर्षं दुखल्यावर माणूस कशालाही मान हलवतं.

"रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नवीन करून आणा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या बाईसाठी घंटी वाजवली.

दुखणं दुसऱ्या बाळंतपणानंतर आलं होतं. ओटीपोटात डावीकडे, खोल. कळ नव्हे, चमक नव्हे, ओझं. ओल्या कपड्यांनी भरलेली बादली कुणीतरी आतून लोंबकळत ठेवावी तसं. सकाळी उठताना काही नसायचं. दुपारी बाराच्या सुमाराला सुरुवात व्हायची आणि संध्याकाळपर्यंत असं वाटायचं की आता आतलं सगळं निसटून खाली पडणार. अर्धा तास आडवं झालं की उतरायचं. पाळीच्या आधी वाढायचं. नवरा जवळ आला की पुढचे दोन दिवस विचारायलाच नको. जांघेत वरच्या बाजूला निळ्या शिरांचं जाळं दिसायला लागलं होतं. त्याहून आतही होतं. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आडवं व्हायचं तरी कधी? मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली औषधाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या काउंटरमागे धाकटी अकरा वर्षं उभी होती. चिठ्ठ्या जिन्याने वरून खाली यायच्या. डॉक्टरांचं अक्षर तिच्याइतकं कुणालाच लागत नसे. स्वतःच्या चिठ्ठ्याही तिने तशाच वाचल्या होत्या. आधी जंतुसंसर्गाचा कोर्स. मग वेदनाशामक गोळ्या. मग पाळीच्या गोळ्या. मग एक दिवस बारीक पांढरी गोळी, जी कशाची ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मनाची. तिने खणातून ती स्वतःच काढली, पाकिटात घातली, पाकिटावर रात्रीच्या खुणेचा चांद काढला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "झोपायच्या आधी घ्या हं." समोर कुणीच नव्हतं.

घरी खाली-वर दोन मजले आणि स्वयंपाकघर एकच. दोन भावांच्या दोन बायका. थोरली आणि धाकटी. गल्लीतही त्यांना त्याच नावांनी ओळखत. थोरली हाताला चटपटीत आणि जिभेला त्याहून.

"कामाच्या वेळेला बरं दुखतं गं तुझं," ती म्हणायची. "माझी पिशवी काढली त्याच्या पंधराव्या दिवशी मी या ओट्यापुढे उभी होते. विचार भाऊजींना."

भाऊजींना, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, विचारायची गरज नव्हती. तो समोरच बसून जेवत असायचा. मान वर करायचा नाही.

*

सोनोग्राफीच्या खोलीत नेहमीचे डॉक्टर नव्हते. त्यांच्या जागी एक डॉक्टरीण बसली होती, तिशीची, सर्दी झालेली. दर दोन मिनिटांनी ती मान वळवून शिंकायची आणि माफी मागायची. धाकटीच्या पोटावर थंड जेल लावून तिने यंत्र फिरवलं, डावीकडे आली, थांबली. पुन्हा तिथूनच फिरवलं.

"पिशवी का काढताहेत?"

"दुखतं म्हणून."

"पिशवी तर छान आहे तुमची. कधी दुखतं?"

सहा वर्षांत 'किती दिवस दुखतं' हे पुष्कळांनी विचारलं होतं. 'कधी' हे कुणी विचारलं नव्हतं. धाकटीला उत्तर शोधावं लागलं.

"उभं राहिलं की."

"आणि आडवं झालं की?"

"थांबतं."

डॉक्टरीण शिंकली. रुमाल बाजूला ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. "आणि आत्तापर्यंत सगळ्यांनी तुम्हाला आडवं करूनच तपासलंय?"

"हो. असंच तपासतात ना?"

"उठा," ती म्हणाली. "खाली उतरा. उभ्या राहा इथे, माझ्यासमोर. लाजू नका."

धाकटी उभी राहिली. जेल मांडीवरून ओघळायला लागलं. डॉक्टरीण स्टुलावर बसून, वाकून, यंत्र पोटाच्या खालच्या बाजूला दाबून धरत होती.

"आता शौचाला बसल्यावर लावतो तसा जोर लावा. लावा, लावा. श्वास धरा."

पडद्यावर काळी वेटोळी उमटली. एक, दोन, मग सगळा घोसच. करंगळीएवढी जाड, एकमेकांत गुंतलेली. डॉक्टरणीने बटण दाबलं तसे त्यांत रंग भरले. निळा, लाल, परत निळा.

"हे काय आहे?" धाकटीने विचारलं.

"पायांवर फुगलेल्या शिरा बघितल्या आहेत कधी? हमालांच्या, शिक्षकांच्या? तशाच या. फक्त पोटात आहेत म्हणून कुणाला दिसत नाहीत. शिरेत झडपा असतात, रक्ताला वरच जाऊ देणाऱ्या. बाळंतपणात शिरा ताणल्या जातात, झडपा नीट मिटत नाहीत. मग तुम्ही उभ्या राहिलात की रक्त उलटं खाली उतरतं आणि तिथेच साठतं." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "झोपलात की रिकामं होतं. म्हणून झोपवून बघणाऱ्याला काही सापडत नाही."

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे खरंच दुखत होतं," ती म्हणाली.

"हा प्रश्न आहे का?"

धाकटीने मांडीवरचं जेल पुसलं. तिला वाटलं होतं रडू येईल, आलं नाही. पोटापासून वर काहीतरी तापत चाललं होतं आणि त्याला काय म्हणायचं ते तिला लगेच कळेना.

डॉक्टरणीने सविस्तर रिपोर्ट लिहिला. पिशवी काढायची घाई करू नका म्हणाली. पिशवी काढून हे दुखणं जाईलच असं नाही. शिरेतून बारीक नळी घालून, आत तारेची वेटोळी सोडून, बिघडलेली शीर बंद करता येते. टाके नाहीत. बहुतेकींना आराम पडतो, सगळ्यांना पडतोच असं मात्र मी सांगणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून धाकटीचा तिच्यावर पुरता विश्वास बसला.

*

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. पूर्ण नाही, शेवटच्या चार ओळी.

"या शिरा पुष्कळ बायकांना असतात. मुलं झालेल्या निम्म्या बायकांना सापडतील. त्याला आजार म्हणत नाहीत."

"दुखत असलं तरी?"

"दुखण्याचं कारण तेच आहे, हे कुणी सांगितलं? बदलीवर आलेल्या मुलीने?"

"तुम्ही मला सहा वर्षं तपासताय," धाकटी म्हणाली. "एकदा तरी उभं केलंत?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, तुम्ही आत्ता किती चिडलेल्या आहात ते तुमचं तुम्हालाच कळत नाहीये. नेमकी याचसाठी मी ती पांढरी गोळी दिली होती."

धाकटी उठली. टेबलावर तिची फाइल होती, सहा वर्षांची, दोऱ्याने बांधलेली. ती तिने उचलली.

"फाइल दवाखान्यातच राहते," बाहेर नावं लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

"दुखणं माझ्याकडे राहिलं, फाइल पण माझ्याकडेच राहू दे," असं म्हणून ती जिना उतरली. बोलणं तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. असं ती कधी बोलली नव्हती.

खाली दुकानाचे मालक वाटच बघत होते. बातमी तिच्याआधी जिना उतरली होती.

"वरच्यांशी बिघडवू नका हो," ते हात जोडल्यासारखं करत म्हणाले. "आपलं दुकान त्यांच्या चिठ्ठ्यांवर चालतं."

"माझं पोट पण सहा वर्षं त्यांच्या चिठ्ठ्यांवरच चाललं," धाकटी म्हणाली आणि काउंटरमागे जाऊन उभी राहिली. चार गिऱ्हाइकं खोळंबली होती.

त्या रात्री तिने नवऱ्यापुढे रिपोर्ट ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, मग चित्रं पाहिली.

"मला वाटायचं, तुला मीच नकोय," तो म्हणाला.

"वाटायचं तर विचारायचं होतंस."

"तू सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दुखतं म्हणून सांगितलं होतं. तू कूस बदललीस."

नळी घालायच्या दिवशी त्याने रजा टाकली आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत तिची कपड्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालला. तिने घेऊ दिली. माफ बिफ काही केलं नाही.

नळी मानेतून गेली. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती. धाकटी पूर्ण जागी होती. नळीवाले डॉक्टर पडद्याआडून एकेक गोष्ट सांगत होते. आता औषध सोडतोय, पोटात गरम वाटेल. आता डाव्या शिरेत आहोत. आता पहिलं वेटोळं. जरा जड वाटेल, घाबरू नका. सहा वर्षांत आपल्या पोटात काय चाललंय हे तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. तासाभरात झालं. मानेवर एक चिकटपट्टी, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

आठवडाभर आत ठणकलं, एकदा अंगही तापलं. होईल म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग दुखणं उतरत गेलं. एकदम नाही, भाडेकरू एकेक सामान हलवत जातो तसं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी तिने घड्याळ पाहिलं तर आठ वाजले होते आणि ती सकाळपासून उभी होती.

लोक म्हणाले, आता तरी हस. धाकटीला हसू येईना. दुखत होतं तोवर रागावायलाही अंगात त्राण नव्हतं, आता होतं. राग भरभरून आला आणि जायचं नाव घेईना. भांडी आदळायला लागली. मुलाने खेळायला चल म्हणून ओढलं तर त्याच्यावर नाही, पण ज्या सहा वर्षांत तो ओढत राहिला आणि ती पडून राहिली त्या वर्षांवर राग यायचा. वरून आलेली प्रत्येक चिठ्ठी ती आधी वाचायची, मग चिठ्ठी आणणाऱ्या बाईकडे बघायची. काहीजणी काउंटरच्या कडेला कोपर टेकून, एका पायावर भार देऊन उभ्या असायच्या. धाकटी हळूच विचारायची, "उभं राहिल्यावर वाढतं का हो?" मालक खोकायचे. ती तरीही विचारायची.

*

थोरलीशी जुंपली ती एका रविवारी. थोरलीची मावशी भेटायला आली होती आणि धाकटीला कसं काय म्हणून विचारत होती. थोरलीनेच उत्तर दिलं.

"हिचं शिरांचं निघालं. पोटात तारा घालून आलीये. आता आम्ही तरी काय म्हणणार? आमच्या वेळी असले लाड नव्हते."

"लाड?" धाकटी म्हणाली.

"अगं, मजेत म्हटलं."

"सहा वर्षं मजेतच म्हणताय. कामाच्या वेळी बरं दुखतं, तेही मजेतच. त्याच डॉक्टरने तुम्हाला काढा म्हटलं, तुम्ही काढलीत. का म्हणून विचारलंत? एकदा तरी? मुकाट जाऊन पोट रिकामं करून आलात आणि वर त्याचीच फुशारकी. पंधराव्या दिवशी ओट्यापुढे! कुणी सांगितलं होतं उभं राहायला?"

मावशीने डोळे खाली घातले. धाकटीला वाटलं, आता थोरली दुप्पट बोलेल. तिची जीभ कधी मागे सरत नसे. पण थोरलीने पातेल्यावर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला आणि ती जिना चढून वर गेली. मधल्या पायरीवर कठड्याला धरून थोडा वेळ थांबली. रडत असेल, धाकटीला वाटलं. रडू दे.

पुढचे चार दिवस दोघी एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून काम करत राहिल्या.

पाचव्या दिवशी, दुपारी अडीचला, मालक जेवायला गेलेले असताना, थोरली दुकानात आली. अकरा वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. रस्त्यापलीकडे दुसरं दुकान होतं. काही लागलं तर ती तिथून न्यायची. घरातलं दुकानात नको, असं तिचं म्हणणं असे.

"ती लांबट लाल गोळी आहे का?" तिने विचारलं आणि नाव घेतलं. "दोन स्ट्रिप दे. पलीकडचं आज बंद आहे."

धाकटीचा हात खणाकडे गेला आणि तिथेच राहिला. दुकानातली सगळ्यात जबर वेदनाशामक होती ती. डोकेदुखीला कुणी घेत नसे.

"कुणासाठी?"

थोरली काउंटरच्या काचेवरचा एक डाग बोटाने पुसायला लागली. डाग आतून होता, जात नव्हता.

"दीड महिना बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "पिशवी काढल्यावर. ओट्याचं तेवढं सोडलं तर पडूनच होते ना. मग परत सुरू झालं. तसंच. तिथेच. मी वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. तर म्हणाले, बाई, आता तिथे दुखायला काही उरलेलंच नाही."

धाकटीने तिच्याकडे वळून पाहिलं.

"मग कुणाला सांगणार? नसलेली गोष्ट दुखतेय म्हणून? म्हटलं, मनाचंच असेल. मग तू दुखतंय दुखतंय करायला लागलीस. मला तुझा इतका राग यायचा... तुझं मनाचं ठरलं की माझं पण ठरून जायचं. सोपं जायचं मला." डाग पुसणं थांबलं. "त्या पोरीने उभं करून बघितलं म्हणालीस ना?"

"हो."

"पिशवी नसली तरी बघता येतं?"

"येतं, ताई. शिरा वेगळ्या. शिरा आहेतच ना."

थोरलीने मान हलवली. दोन-तीनदा, हळूहळू, एखादा हिशेब पटावा तशी. वरून जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी चिठ्ठी घेऊन खाली येत होतं. धाकटीने खणातून हात काढला आणि फोन उचलला. सोनोग्राफीचा नंबर तिला पाठ होता. नुसती तारीख नको, त्याच डॉक्टरीणबाई हव्यात, असं तिने बजावून सांगितलं. पलीकडची मुलगी एकेक प्रश्न विचारत गेली. वय? चव्वेचाळीस. मुलं? दोन. काही ऑपरेशन झालंय? झालंय, पिशवी काढलीये, आठ वर्षांपूर्वी.

"त्रास कधीपासून आहे?"

"आठ..." धाकटी म्हणायला लागली, तेवढ्यात थोरलीने काउंटरवरून हात घालून फोन तिच्या हातातून घेतला. तो दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"माझा धाकटा झाला तेव्हापासून," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं."

पलीकडच्या मुलीला ते ऐकू आलं नसावं. थोरलीने परत सांगितलं. मुलीने परत विचारलं, किती? थोरलीने मान वर केली. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती.

"एकोणीस!" ती ओरडली. जिन्यावरची पावलं थांबली. "एकोणीस वर्षं! लिहून घे!"